पान एकेचाळीसवरची उघड गोष्ट

ज्या कामाचा एक भाग एकाला कळतो आणि दुसरा भाग दुसऱ्याला कळतो, ते काम दोघांनाही कळले आहे असे मानण्याची पद्धत आहे. पद्धत चांगली आहे. तिच्यामुळे वेळ वाचतो, भांडणे होत नाहीत आणि ज्ञानात भर पडत राहते. जगातली पुष्कळ कामे याच पद्धतीवर उभी आहेत, आणि त्यांतली बरीचशी अजून पडलेली नाहीत.

मधले सर ज्या गणित संस्थेत नोकरीला होते तिथे ही पद्धत पूर्णत्वाला गेली होती. दुसऱ्या मजल्यावर एक लांबलचक व्हरांडा होता. त्याच्या डाव्या टोकाला संयोजनशास्त्र, म्हणजे एखादी गोष्ट किती प्रकारे करता येते हे शोधणारे शास्त्र. तिथल्यांना सगळे मोजणीवाले म्हणत. उजव्या टोकाला बैजिक भूमिती, म्हणजे समीकरणांतून निघणाऱ्या वाकड्यातिकड्या पृष्ठभागांचे शास्त्र. तिथल्यांना भूमितीवाले म्हणत. चहाचे यंत्र डाव्या टोकाला होते आणि स्वच्छतागृह उजव्या टोकाला. दोन्ही शास्त्रांमध्ये जी काही देवाणघेवाण होती ती या क्रमाने होती.

बरोबर मध्यावर एक खोली होती. पूर्वी तिथे खडूची खोकी आणि मोडक्या खुर्च्या ठेवत. अकरा वर्षांपूर्वी संस्थेने दोन्ही शास्त्रे जोडणारे संशोधन सुरू करायचे ठरवले (बाहेरच्या संस्थांनी ते आधीच सुरू केले होते, त्यामुळे विचार करावा लागला नाही), तेव्हा एक खुर्ची ठेवून बाकीच्या हलवल्या आणि त्या एकीवर सरांना बसवले. तेव्हापासून ते मधले सर. मोजणीवाले त्यांना भूमितीवाला समजत आणि भूमितीवाले मोजणीवाला. दोन्हीकडचे लोक त्यांच्याशी पाहुण्याशी वागावे तसे आदराने वागत, म्हणजे चहा विचारत आणि दुसरे काही विचारत नसत.

सर स्वभावाने भिडस्त. दारावर टकटक करायची आणि आतून कुणी ‘या’ म्हणायच्या आत माघारी फिरायचे, अशी त्यांची भेटीगाठीची तऱ्हा. आपले उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळले तर त्यांना वाटे, पुस्तकात छपाईची चूक असणार. अशा माणसाने प्रमेय सिद्ध करावे हे नवलच, पण त्यांनी केले.

प्रमेय असे. काही ठिपके घ्यावेत, त्यांतले काही रेघांनी जोडावेत. मग ठिपक्यांचे गट पाडावेत, असे की गटातल्या एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर रेघेरेघेने जाताना गटाबाहेर पाऊल पडू नये. (आणखी दोन अटी आहेत. त्या सांगितल्या तर वाचक कमी होतील, आणि मुळातच ते फार नाहीत.) ठिपके नऊ असतील तर नऊ गट किती प्रकारे पडतात, आठ किती, सात किती, असे मोजत एका गटापर्यंत यावे. आकड्यांची एक ओळ तयार होते. सरांचे म्हणणे होते की ही ओळ एकदाच चढते आणि एकदाच उतरते. उतरायला लागली की पुन्हा वर बघत नाही. ती टेकडीसारखी असते, दोन कुबडांच्या उंटासारखी नसते. हे सिद्ध करायला त्यांनी ठिपक्यांच्या चित्रावरून एक पृष्ठभाग रचला होता आणि पृष्ठभागांच्या घराण्यातली एक जुनी शिस्त आणून आकड्यांना लावली होती.

लेख त्रेसष्ट पानांचा झाला. पहिली चाळीस पाने मोजणीची, बेचाळीसपासून पुढची भूमितीची, आणि एकेचाळीसाव्या पानावर दोन्ही एकमेकांना भेटत होती. ‘हे उघडच आहे’ हे वाक्य लेखात तेवीस वेळा आले होते (गणितात हे प्रमाण संयमाचे समजतात). लेख तपासायला दोन्ही शाखांच्या प्रमुखांकडे गेला. मोजणीप्रमुखांनी लिहिले, मोजणीचा भाग बरोबर आहे पण साधा आहे, खरी खोली भूमितीत आहे आणि ती जाणकारांनी पाहिली असेलच. भूमितीच्या प्रमुख बाईंनी लिहिले, भूमिती बरोबर आहे पण नेहमीची आहे, खरी खोली मोजणीत आहे आणि ती जाणकारांनी पाहिली असेलच. संस्थेने दोन अर्ध्या शिफारशींची बेरीज करून एक पूर्ण शिफारस काढली. त्या वर्षी संस्थेत झालेल्या बेरजांपैकी आक्षेप न आलेली ही एकच.

प्रमेय नावारूपाला आले. इतरांच्या एकशे अडतीस लेखांत त्याचा उल्लेख झाला. शेवटी संस्थेने एक संयुक्त केंद्रच काढले, त्याच्या दारावर पितळी पाटी करायला टाकली आणि पाटीवर सरांचे नाव व खाली त्यांचे प्रमेय कोरायचे ठरले. उद्घाटन शुक्रवारी होते आणि सरांना सात मिनिटे बोलायचे होते. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

सोमवारी सकाळी भाषणाच्या तयारीसाठी त्यांनी कितीतरी वर्षांनी आपलाच लेख उघडला. एकेचाळीसाव्या पानावर तिसऱ्या ओळीत ते थांबले. तिथे लिहिले होते, हे उघडच आहे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते त्या ओळीकडे पाहत राहिले. ती काही केल्या उघड होईना. सुट्टीनंतर त्यांनी नऊ ठिपके काढले, अकरा रेघा मारल्या आणि मोजायला बसले. ओळ आली ती अशी: १, ११, ४६, ४५, ४६, ३०, १२, ४, १.

उंट.

त्यांनी सात वेळा मोजले. पाच वेळा पंचेचाळीस आले, एकदा चव्वेचाळीस आले आणि एकदा फोन आला. दुसऱ्या कुणी असते तर पाच वेळांवर विश्वास ठेवला असता. सरांना चव्वेचाळीसची काळजी लागून राहिली. जो माणूस मोजताना चुकतो तो सिद्धतेतही चुकला असेल, हे त्यांना पटत होते. पण जो सिद्धतेत चुकला तो मोजताना चुकणार नाही कशावरून, हेही पटत होते. त्यांना मान नको होता, पाटीही नको होती. शुक्रवारच्या आत कुणीतरी एकाने ते पान वाचून, ती आकृती मोजून, ‘चुकलंय’ किंवा ‘नाही चुकलं’ यांपैकी काहीतरी सांगायला हवे होते. नाहीतर आपण घरी जाऊ आणि आपल्या नावाखाली पितळेत कोरलेले खोटे तिथेच चकाकत राहील, एवढ्या एका विचाराने त्यांचे जेवण तुटले.

मंगळवारी ते डाव्या टोकाला गेले आणि टकटक करून पळाले नाहीत. मोजणीप्रमुखांनी त्यांना बसवून चहा मागवला, आकृती उलटसुलट फिरवून पाहिली आणि सुंदर आहे म्हणाले. मोजून पाहता का, असे विचारल्यावर मात्र ते थोडे दुखावले. मोजणीशास्त्रात कुणी मोजत नाही, कसे मोजावे ते शोधतात, असे त्यांनी समजावून सांगितले. प्रत्यक्ष मोजायला संगणक आहे. संगणकाने क्षणात सेहेचाळीस सांगितले. सरांचा जीव भांड्यात पडला, पण चौकशीअंती कळले की वेळ वाचावा म्हणून चार वर्षांपूर्वी संगणकाला सरांचेच प्रमेय शिकवले होते. ओळीत कुठे खड्डा दिसला तर ती मोजणीतली चूक समजून बुजवून टाकायचा, अशी त्याला सूचना होती.

“अहो सर, तुमच्याच प्रमेयाने तुमची चूक सुधारली,” मोजणीप्रमुख कौतुकाने म्हणाले. “आणखी काय पाहिजे?”

बुधवारी ते उजव्या टोकाला गेले. भूमितीच्या बाई मनाने मोठ्या होत्या. पृष्ठभाग नीट आहे, तो सात जन्मांत चुकायचा नाही, असा त्यांनी धीर दिला. सरांनी पान एकेचाळीस पुढे केले. बाईंनी चष्मा लावला, तिसरी ओळ वाचली आणि चष्मा काढला.

“इथे तर उघडच आहे असं लिहिलंय,” त्या म्हणाल्या.

“ते मीच लिहिलंय, बाई.”

“मग तुम्हाला माहीतच असणार. आणि एकाचा तर फरक. आमच्याकडे एवढ्या तेवढ्याने पृष्ठभाग बदलत नाही.”

गुरुवारी सर नोंदणी अधिकाऱ्यांकडे गेले. छापलेला लेख मागे घेण्यासाठी अर्ज होता. अर्जावर दोन सह्या लागत होत्या, आणि सही करणाऱ्याने संबंधित पान किंवा आकडेमोड स्वतः पडताळून पाहिलेली असणे आवश्यक होते. लेख छापताना ही अट होती का, असे सरांनी भीत भीत विचारले. अधिकारी म्हणाले, छे, छापताना अशी अट घातली तर काहीच छापून होणार नाही. अट फक्त मागे घेताना.

शुक्रवारी उद्घाटन झाले. पाटीवरचा पडदा सरकवल्यावर मोजणीवाले डावीकडे आणि भूमितीवाले उजवीकडे बसले. सर उठले. त्यांनी खिशातला कागद काढला, पुन्हा आत ठेवला आणि माइकपासून हातभर लांब उभे राहून म्हणाले, “हे प्रमेय चुकलेलं आहे. पान एकेचाळीस. मला तसं वाटतं. कुणीतरी कृपा करून ते वाचा.”

मोजणीवाल्यांनी समाधानाने उजवीकडे पाहिले. भूमितीवाल्यांनी समाधानाने डावीकडे पाहिले. मग दोन्ही बाजूंनी एकदम टाळ्या सुरू झाल्या आणि त्या दोन मिनिटे चालल्या. अध्यक्ष म्हणाले की एवढे काम करून स्वतःविषयी इतकी शंका बाळगणारी माणसे आता दुर्मिळ होत चालली आहेत. इतिवृत्तात नोंद झाली: ‘सत्कारमूर्तींनी विनयपूर्ण भाषण केले.’ सात मिनिटांपैकी त्यांनी अर्धे मिनिटच घेतले, हाही विनयच समजण्यात आला.

सरांच्या पत्नी घराच्या पुढच्या खोलीत शिवणाचे दुकान चालवत. दोन मशिने, एक कापणीचे टेबल आणि कपाटात काचेच्या बरण्यांतून बटणे. प्रमेयाबद्दल त्या अकरा वर्षे ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता त्यांनी अंदाजे चार हजार बाह्या जोडल्या होत्या. रविवारी दुकान बंद होते. सर सकाळपासून खिडकीशी बसून होते आणि मधूनच ‘चव्वेचाळीस’ असे पुटपुटत होते. पत्नीने थोडा वेळ ते सहन केले. मग त्यांनी विचारले की हे नक्की किती आहेत ते कुणी मोजले का नाही. सर म्हणाले, ते इतके सोपे नसते. पत्नी म्हणाल्या, सोपे आहे का ते मी विचारले नाही.

त्यांनी टेबलावर नऊ बटणे मांडली, अकरा दोरे घातले आणि नियम सांगा म्हणाल्या. सरांनी तिन्ही अटी सांगितल्या. दुसऱ्या अटीला पत्नीने हात वर करून थांबवले आणि एक शंका विचारली. ती रास्त होती. आजवर कुणीच ती विचारली नव्हती, त्यामुळे उत्तर द्यायला सरांना दहा मिनिटे लागली. मग त्या बटणे सरकवत गेल्या आणि टेबलावर खडूने रेघा ओढत गेल्या. मधे त्यांनी दूधवाल्याला दारातूनच परत पाठवले. अडीच तासांनी खडू खाली ठेवला.

“पंचेचाळीस,” त्या म्हणाल्या. “आणि हे कोपऱ्यातलं बटण आहे ना, ते एकटंही राहू शकतं. तुम्ही ते एकदा विसरलात, म्हणून चव्वेचाळीस आले.”

“म्हणजे प्रमेय चुकलं.”

“ते मला नाही माहीत. मोजलेलं बरोबर आहे.”

अकरा वर्षांचे काम कोसळून समोर पडले होते आणि छातीवरची धोंड निघाल्यासारखे वाटत होते. स्वभावाला अनुसरून सरांनी हळूच विचारले, “पुन्हा एकदा मोजतेस?”

“नाही हो. माझी काजं करायची राहिलीत.”

सोमवारी अर्जावर पहिली सही झाली. व्यवसायाच्या रकान्यात पत्नीने ‘शिवणकाम’ असे लिहिले. नोंदणी अधिकाऱ्यांनी नियम दोनदा वाचला. त्यात सही करणारी व्यक्ती गणितज्ञ असावी असे कुठे म्हटलेले नव्हते (ते लिहिण्याची गरज वाटली नसावी). नाइलाजाने त्यांनी सही मान्य केली आणि दुसरी आणा म्हणाले.

दुसरी सही अजून मिळालेली नाही, आणि पाटी रोज पुसली जाते. वास्तविक ती जागा रिकामी राहण्याचे कारण नाही. नऊ ठिपके आणि अकरा रेघांची ती आकृती इथे छापलेली नाही, आणि ती कुठे आहे असे एकाही वाचकाने विचारलेले नाही. पंचेचाळीस हा आकडा मात्र प्रत्येकाने मान्य केला आहे, सरांच्या पत्नीने मोजला म्हणून. आणि निदान कुणीतरी मोजले याचे मनापासून समाधानही मानले आहे. तज्ज्ञ म्हणून लागणारी पात्रता एवढीच असते. सही खाली, उजव्या बाजूला करावी.