डबीतल्या मेट्रन मॅडम

हॉस्पिटलातलं कुठलंही यंत्र हाडांच्या वॉर्डातल्या ब्रदरला विचारल्याशिवाय चालत नाही, असं ब्रदरचं ठाम मत होतं. यंत्रांचं मत कुणी विचारलं नव्हतं. सलाईनचा पंप अडला की ब्रदर त्याच्या पाठीत दोन थापा घालायचा. रक्तदाबाचं मशीन रुसलं की वायर उपसून फुंकर मारायचा. चाललं तर श्रेय ब्रदरचं, नाही चाललं तर कंपनी भिकार.

त्यामुळे नर्सिंगच्या माणसांना हातात धरायची नवी यंत्रं मिळणार असं कळलं, तेव्हा सगळ्यात आधी छाती फुगली ती ब्रदरची. "कुणाला काही अडलं तर मला विचारा," असं त्याने यंत्र बघायच्याही आधी जाहीर केलं.

यंत्र होतं तळहाताएवढं, मोबाइलच्या जाडजूड चुलतभावासारखं. पेशंटच्या मनगटावरच्या पट्ट्यासमोर धरायचं, मग गोळीच्या पाकिटासमोर धरायचं, की ते सांगणार, माणूस बरोबर, गोळी बरोबर, पण कालपासून सुरू केलेल्या दुसऱ्या गोळीशी हिचं जमत नाही, डॉक्टरांना विचारा. दुनियेतल्या सगळ्या औषधांच्या कुंडल्या त्याच्या पोटात होत्या. किती द्यायचं, कशाबरोबर द्यायचं नाही, दिल्यावर पेशंटकडे काय बघत बसायचं, सगळं. दोन दिवसांत त्याचं नाव पडलं 'डबी'.

डबी बोलायचीसुद्धा. कंपनीने तिच्यात एका बाईचा आवाज भरला होता, इतका गोड की ऐकून दात किडावेत. "कृपया औषधाची मात्रा पुन्हा एकदा पडताळून पाहावी," असं ती म्हणाली की दुपारच्या वेळी पेशंट तर झोपायचेच, वर सिस्टरांनाही जांभया यायच्या. मग सासूच्या बोलण्यावर मान हलवावी तशा सगळ्याजणी न ऐकताच 'समजलं' हे बटण दाबून मोकळ्या.

हे मेट्रन मॅडमना कळायला वेळ लागला नाही. मॅडम चणीने बारीक, पण व्हरांड्यात त्यांनी "काय चाललंय?" एवढं विचारलं तरी कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर घातलेला माणूसही उठून बसायच्या तयारीला लागायचा. रागावल्या की चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा, डावा हात कमरेवर जायचा आणि उजव्या हातातलं पेन छातीवरच्या बिल्ल्यावर टक टक वाजायचं. त्यांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, की डबी सावध करते ते कुणी ऐकत नाही, आणि एक दिवस हे कुणाच्या तरी जिवावर बेतेल. वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर आता रिटायर होणार होत्या. त्यांची खुर्ची, मॅडम म्हणाल्या, जो कोणी या वॉर्डाला डबीचं ऐकायला लावेल त्याची.

ब्रदरने तिथल्या तिथे मनातल्या मनात खुर्चीवर बसून पाहिलं.

त्याला ती खुर्ची हवी होती ती मानापेक्षा वेळेसाठी. इनचार्जला फक्त सकाळची ड्यूटी. ब्रदरचं निम्मं आयुष्य पाळ्या बदलण्यात गेलं होतं. तो घरी यायचा तेव्हा बायको कामावर निघालेली असायची आणि ती परत यायची तेव्हा हा बूट शोधत असायचा. बायको म्हणायची, "शेजारच्या काकूंना वाटतं मी एकटीच राहते, आणि अधूनमधून कोणीतरी येऊन झोपून जातं." तेव्हा ब्रदरने त्याच संध्याकाळी घरी सांगून टाकलं की इनचार्जपद झालंच म्हणून समज. बायकोने ते आईला कळवलं. सासूबाईंनी फोन करून, आयुष्यात पहिल्यांदाच, जावयाचं कौतुक केलं. आता परतीचा रस्ता बंद.

वाटेत आडवी येत होती ती झटपट सिस्टर. वयाने लहान, हाताला जबरी चलाख. पेशंट पलंगावर बसलेला असतानाच त्याच्याखालची चादर बदलून मोकळी व्हायची, आणि त्याला ते जेवताना कळायचं. डबी तिला पहिल्याच दिवशी वश झाली होती, आणि ब्रदर सगळ्यांना "मला विचारा" म्हणत होता तेव्हा सगळे तिला विचारत होते. हे ब्रदरला बरंच झोंबलं होतं.

अशात एका दुपारी डबीशी खेळता खेळता ब्रदरला एक सोय सापडली. कंपनी यंत्रं दहा ठिकाणी विकणार, तर सूचना ज्याच्या त्याच्या बोलीत भरता याव्यात म्हणून आवाज बदलायची जागा ठेवलेली होती. बटण दाबा, बोला, झालं.

आता ब्रदरच्या अंगात एक कला होती. तो मेट्रन मॅडमची नक्कल करायचा. साधीसुधी नाही. तो चहाच्या खोलीत "काय चाललंय?" म्हणाला की जुन्या जुन्या सिस्टर बिस्किट तोंडात तसंच ठेवून उभ्या राहायच्या. ब्रदरने विचार केला, झटपट सिस्टरच्या डबीत मॅडमना बसवायचं. सकाळच्या औषधांच्या फेरीत तिच्या हातात मॅडम कडाडल्या की तिची काय तारांबळ उडते ते बघायचं. बस, एवढीच गंमत. तिची डबी चार्जिंगच्या रॅकमध्ये होती. ती उचलून तो चादरींच्या खोलीत शिरला, दार लावलं, आणि एकेक सूचना मनापासून भरली. मात्रेचं, मनगटाच्या पट्ट्याचं, हात धुण्याचं, इंजेक्शनच्या वेळेचं, जमणाऱ्या न जमणाऱ्या गोळ्यांचं, पेशंटला चालवायचं. मॅडमनी जशी भरली असती तशी. मग डबी परत रॅकमध्ये खोचून तो शीळ घालत घरी गेला.

ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट नीट सांगितली होती. रॅकमध्ये लावलेल्या डब्या एकमेकींशी बोलतात, आणि एकीत केलेला बदल रात्रीतून सगळ्यांत उतरतो. ब्रदरला हे ठाऊक नव्हतं, कारण नेमकं त्या वेळी तो शेवटच्या रांगेत मॅडमची नक्कल करत होता.

सकाळी फेरी सुरू झाली. झटपट सिस्टरने पहिल्या पलंगावरच्या माणसाच्या पट्ट्यासमोर डबी धरली, आणि डबी गरजली, "थांबा. पाकीट दोनदा वाचा. चष्मा काय शोभेला लावलाय?"

झटपट सिस्टर ताठ झाली. आणि तिच्यासोबत खोलीच्या त्या टोकाची सिस्टरही ताठ झाली, कारण तिच्या हातातून मॅडम विचारत होत्या, "हात धुतले? कधी? कुणी पाहिलं?" तिसरीकडून मॅडम म्हणाल्या, "ही गोळी त्या गोळीबरोबर? डॉक्टरांना विचारा, अंदाजपंचे नाही चालणार." पुसणाऱ्या मावशींना चारही दिशांना मॅडम दिसेनात पण ऐकू यायला लागल्या, तेव्हा त्यांनी एकच कोपरा तीनदा पुसला. एका पेशंटने उशीखालचा सिगारेटचा पुडा स्वतःहून आणून टेबलावर ठेवला.

कोपऱ्यातल्या पलंगावर एक मामा होते. पायात सळई घातलेली, डॉक्टर म्हणत होते चाला, मामा म्हणत होते उद्या. त्यांची मुलगी हात जोडून थकली, सून रडून थकली. त्या सकाळी डबी म्हणाली, "उठा. चालायची वेळ झाली. पाय तुमचा आहे, माझा नाही." मामा उठले, वॉकर धरला आणि दारापर्यंत जाऊन परत आले. सुनेने डबीला नमस्कार केला.

छोट्या डॉक्टरांनी लिहिलेली मात्रा जरा जास्त होती. डबीने तसं त्यांना मॅडमच्या भाषेत सांगितलं. छोटे डॉक्टर "सॉरी मॅडम" म्हणून आकडा खोडून मोकळे झाले, आणि मग मॅडम कुठे आहेत ते शोधायला लागले.

ब्रदर तोवर घामाने निथळत होता. त्याने कॉम्प्युटरवाल्याला गाठलं आणि आडून आडून विचारलं की आवाज पहिल्यासारखा कसा करायचा. कॉम्प्युटरवाला म्हणाला, रॅकमधून सगळीकडे उतरलेला आवाज आता त्याच्याकडूनच बदलेल, आणि त्यासाठी एक सही लागेल.

"कुणाची?"

"मेट्रन मॅडमची."

ब्रदर परत आला. परत येऊन बघतो तो वॉर्ड बदललेला. न ऐकता 'समजलं' दाबायची कुणाची टाप नव्हती. गोळ्या वेळेवर, हात धुतलेले, मामा तिसऱ्या फेरीला निघालेले. आठवडाभर असंच चाललं. ब्रदरला आत भीती आणि वर गुदगुल्या. खुर्ची कमावली होती त्याने, फक्त कशी कमावली हे सांगायची सोय नव्हती.

आणि मग निरोप आला की वॉर्डात एवढी सुधारणा कशी झाली ते बघायला मॅडम स्वतः येताहेत.

ब्रदरने डब्या गोळा केल्या. आवाज शून्यावर करू गेला, तर सूचना ऐकू गेलीच पाहिजे म्हणून तो एका रेषेखाली उतरत नव्हता. बंद करू गेला, तर पासवर्ड. शेवटी सगळ्या डब्या त्याने धुवायच्या चादरींच्या ट्रॉलीत तळाशी पुरल्या, वर चार ब्लँकेटं रचली आणि ट्रॉलीला टेकून उभा राहिला.

मॅडम आल्या. पेशंटची चौकशी केली. मामांनी त्यांना चालून दाखवलं. मॅडम वळणार, एवढ्यात ट्रॉलीच्या पोटातून मॅडमचाच दबलेला आवाज आला, "बारा वाजले. इंजेक्शन कुठंय? का पेशंटनेच आणायचं बाजारातून?" त्याला दुसऱ्या मॅडमने दुजोरा दिला. मग तिसरीने. ट्रॉलीत सभा भरली.

मॅडमनी स्वतः ब्लँकेटं बाजूला केली, एक डबी काढली, कानाशी धरली. सगळ्या सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्या. ब्रदर डोळे मिटून वाट बघत होता.

"कोण ही बाई?" मॅडमनी विचारलं.

ब्रदरने एक डोळा उघडला.

माणूस स्वतःचा आवाज आतून ऐकतो. बाहेरून ऐकला की तो परका वाटतो. पण हे मॅडमना सांगणार कोण? मॅडमच पुढे म्हणाल्या, "आवाज जरा कर्कश आहे. पण बोलते अगदी मुद्द्याचं. अशा बाईची मला इतकी वर्षं गरज होती." मग त्या थोडं हसल्या. वॉर्डाने हे पहिल्यांदाच पाहिलं. "जिने कुणी हे केलं, तिने पुढे यावं. खुर्ची तिची."

बोलावं तर मरण, गप्प बसावं तर सासूबाई. ब्रदरच्या डोळ्यांसमोर सकाळची ड्यूटी आली, संध्याकाळी दार उघडणारी बायको आली. झटपट सिस्टर त्याच्याकडे बघून गालातल्या गालात हसत होती. मॅडमना तर काही कळलेलंच नाही, मग भ्यायचं कशाला? ब्रदर पुढे झाला.

"मॅडम, मीच."

"ब्रदर, हा बाईचा आवाज आहे."

"मीच काढला, मॅडम. सूचना लोकांनी ऐकाव्यात म्हणून."

मॅडमचा विश्वास बसेना. "काढून दाखवा बघू."

इथे ब्रदरने थांबायला हवं होतं. पण कलावंताला फर्माईश झाली की तो थांबतो होय? त्याने घसा खाकरला आणि "थांबा. पाकीट दोनदा वाचा" हे जसंच्या तसं काढलं. आवाज अगदी तोच. फक्त चादरींच्या खोलीत कुणी बघत नव्हतं, आणि इथे सगळे बघत होते. ब्रदरच्या बोटांनी आपोआप स्वतःचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. डावा हात आपोआप कमरेवर गेला. आणि उजव्या हाताने पेन काढून बिल्ल्यावर टक टक वाजवलं.

मॅडमना स्वतःचा आवाज माहीत नव्हता. पण आरसा त्यांच्याही घरी होता.

त्यांनी स्वतःच्या कमरेवरच्या हाताकडे पाहिलं. तो हळूच खाली घेतला. पेन खिशात ठेवलं. ब्रदरचे हात मात्र जिथे होते तिथेच गोठले. मामा वॉकरसकट पलंगाआड झाले.

मॅडम शांतपणे म्हणाल्या की आवाज आहे तोच राहील, कारण तो लोक ऐकतात, आणि पेशंटचा जीव त्यांच्या मानापानापेक्षा मोठा आहे. ब्रदरने सुटकेचा श्वास अर्धा सोडला.

"आणि आता," मॅडम म्हणाल्या, "एक सूचना अजून भरायची आहे. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाऊ दे. डबी घ्या. मी सांगते ते बोला. माझ्या आवाजात."

ब्रदरने डबी तोंडाशी धरली.

मॅडमनी हळू आवाजात एकेक वाक्य सांगितलं, आणि ब्रदरने ते भरलं. हातचं राखून काम करणं त्याला जमतच नव्हतं. हाडांच्या वॉर्डाच्या इनचार्ज उद्यापासून झटपट सिस्टर. ब्रदरची रात्रपाळी पुढची सूचना येईपर्यंत कायम. कुणाची काही तक्रार?

डबीतून ते परत वाजलं तेव्हा व्हरांड्यातले दोन वॉर्डबॉय ताठ उभे राहिले. मावशींनी फडकं पाठीमागे लपवलं. आणि इतका हुबेहूब आवाज ऐकल्यावर ब्रदरच्या तोंडून, त्याच्याही नकळत, निघून गेलं, "नाही मॅडम."