तडा निरीक्षणाखाली आहे

बालवाडीच्या वर्गातल्या मागच्या भिंतीला तडा गेला आहे, ही गोष्ट सर्वांत आधी बालवाडीच्या बाईंच्या लक्षात आली. यात त्यांचं विशेष कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. त्या वर्गात खिडकीपर्यंत नजर पोचेल इतक्या उंचीचं दुसरं कोणी नव्हतंच. तडा खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरका खाली उतरला होता, आणि जिथे तो जमिनीला टेकत होता तिथे सतरंजीवर मुलांची शेवटची रांग बसत असे. त्या रांगेतला एक गोबरा मुलगा मन लावून तड्यात खडू घालायचा प्रयत्न करत होता. खडू जात नव्हता.

बाईंनी मुख्याध्यापकांना सांगितलं. मुख्याध्यापकांनी वरच्या कार्यालयाला कळवलं. आणि वरच्या कार्यालयाने, कोणाचा विश्वास बसणार नाही, खरोखरच उपअभियंता साहेबांना पाठवलं.

साहेबांनी भिंतीपुढे उभं राहून मान आधी डावीकडे कलती केली, मग उजवीकडे. पेनाच्या टोकाने भिंतीवर टकटक केलं. भिंतीने काही उत्तर दिलं नाही, तेव्हा त्यांनी पेन खिशात ठेवलं आणि म्हणाले, "वेट अँड वॉच."

"म्हणजे काय करायचं?" बाईंनी विचारलं.

"वेट करायचं. आणि वॉच करायचं."

"आणि मुलं?"

"मुलं वेट करतील. वॉच तुम्ही करा."

मुख्याध्यापकांचा चेहरा उजळला. गेली कित्येक वर्षं ते शाळेच्या गळक्या छताबाबत, मोडक्या फाटकाबाबत आणि पाण्याच्या टाकीबाबत नेमकं हेच करत आले होते, पण त्याला इतकं भारदस्त नाव आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

तसं पाहिलं तर मराठीत या गोष्टीसाठी शब्दांचा तुटवडा नाही. चालढकल आहे, टाळाटाळ आहे, कानाडोळा आहे, भिजत घोंगडं आहे, हातावर हात धरून बसणं आहे. अडचण एवढीच, की यातला एकही शब्द सरकारी कागदावर लिहिता येत नाही. 'सदर भिंतीबाबत हातावर हात धरून बसण्याचे सर्वानुमते ठरले' असा ठराव कोणत्या सभेत मंजूर होईल? वेट अँड वॉचचं तसं नाही. त्यात दोन-दोन क्रियापदं आहेत, त्यामुळे काहीही न करणाऱ्या माणसाला एकाच वेळी दोन कामं केल्याचं समाधान मिळतं, आणि तो संध्याकाळी दमून घरी जाऊ शकतो.

बाईही त्या दिवशी दमून घरी गेल्या. त्यांचे यजमान विमा कंपनीत होते आणि स्वयंपाकघरातला नळ गेला महिनाभर ठिबकत होता.

"अहो, प्लंबरला सांगितलंत का?"

"अगं, वेट अँड वॉच," यजमान वर्तमानपत्राआडून म्हणाले. "कधीकधी आपोआप थांबतो."

"म्हणजे काय रे?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे आई, उगाच घाई न करता परिस्थितीवर बारीक लक्ष ठेवायचं."

"हां हां. तुझे वडीलही ठेवायचे. लोडाला टेकून."

आठवड्याभरात साहेबांचा ओव्हरसियर आला. त्याने तड्यावर आडवी काचेची एक पट्टी सिमेंटने चिकटवली आणि तिच्याखाली तारीख घातली. ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे. तडा रुंदावत असेल तर काच ताणली जाऊन फुटते, आणि भिंत हलते आहे हे सगळ्यांना कळतं. ओव्हरसियरने हे इतकं नीट समजावून सांगितलं की बाईंना प्रथमच हायसं वाटलं. आता निदान काच फुटली की कोणीतरी धावत येईल, असं त्यांच्या मनाने घेतलं.

काच फुटली. आणि खरोखरच ओव्हरसियर धावत आला. त्याने फुटलेली काच काढली, नवी बसवली, नवी तारीख घातली आणि निघाला.

"अहो, पण काच फुटली ना?" बाई त्याच्या मागे दारापर्यंत गेल्या.

"फुटली ना. म्हणून तर बदलली."

"फुटली म्हणजे भिंत हलतेय."

"ते मी नाही सांगू शकत. माझ्याकडे काच आहे. भिंत साहेबांकडे."

दुसरी काचही फुटली, आणि तिसरीही. एव्हाना खडू तड्यात पूर्ण जायला लागला होता आणि गोबऱ्या मुलाने वर्गातले निळे खडू संपवत आणले होते. काचा वारंवार फुटताहेत याची मात्र वरच्या कार्यालयाने गंभीर दखल घेतली. सरकारी काच फुटते म्हणजे काय? समिती नेमली गेली. समितीने वर्गाची पाहणी करून असा निष्कर्ष काढला, की काच बसवलेल्या ठिकाणी चार वर्षांची मुलं टाळ्या वाजवून बडबडगीतं म्हणतात, क्वचित उड्याही मारतात, आणि त्यामुळे काचेवर ताण येतो. बाईंना लेखी ताकीद मिळाली. गाणी बसून, हळू आवाजात आणि शक्यतो मनातल्या मनात म्हणावीत.

बाईंना राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. रोज सकाळी कुलूप काढताना त्या आधी दार थोडंसंच उघडून आत बघायच्या. मुलांना शेवटच्या रांगेतून उठवून पुढे दाटीवाटीने बसवायच्या. मुलं पुन्हा मागे सरकायची, कारण तिथे तडा होता आणि पुढे फक्त बाई होत्या.

शेवटी ओव्हरसियरनेच तोडगा काढला. सारखी काच बदलून तो कंटाळला होता. त्याने काचेच्या जागी पातळ, लवचीक प्लास्टिकची पट्टी लावली, आणि तीही जरा सैल. ती फुटली नाही. पुढच्या महिन्यातही फुटली नाही. साहेबांनी अहवाल दिला की प्रभावी उपाययोजनेमुळे पट्टीभंगाचं प्रमाण शून्यावर आलं असून तडा नियंत्रणात आहे. हा अहवाल इतका गाजला की साहेबांना दुसऱ्या गावी परिसंवादात भाषणाला बोलावलं. तिथल्या अभियंत्यांनी पट्टी कुठल्या दुकानात मिळते ते विचारून घेतलं.

इकडे तड्यातून पलीकडचं दिसायला लागलं. पलीकडे खेळाच्या सामानाची खोली होती. तिथला शिपाई दोऱ्या मोजत असला की मुलं त्याला तड्यातून हाक मारायची आणि तोही हात हलवायचा.

बाईंनी पालकसभा बोलावली. पालकांनी भिंत बघितली आणि त्यांचा संताप अनावर झाला. प्रत्येकाने तड्याचा फोटो काढला. काहींनी तड्यासोबत स्वतःचाही काढला.

"बाई, हे अजिबात चालणार नाही," एक वडील म्हणाले. "मी आत्ताच्या आत्ता ग्रुपवर टाकलंय. सगळे बघतायत."

"मग सगळे मिळून कार्यालयात जाऊ या का?" बाई म्हणाल्या. "उद्याच जाऊ. मुलांना दुसरी खोली द्या, एवढंच मागायचं."

एका आईला उद्या माहेरी जायचं होतं. एका वडिलांचा मेहुणा त्याच खात्यात होता, आणि त्याच्या बढतीचा काळ असल्याने नेमकं आत्ता बोलणं बरं दिसलं नसतं. गोबऱ्या मुलाची आजी म्हणाली, "नाही आवडलं तर पोराला काढून घ्यावं म्हणते. पण फी भरलीय हो वर्षाची." शेवटी ज्या वडिलांनी ग्रुपवर टाकलं होतं त्यांनीच समारोप केला. "आपण जागरूक आहोत, हे त्यांना कळलंय. आता थोडं वेट अँड वॉच करू या." सगळ्यांना हे पटलं. पालक मुलांना वर्गातच ठेवून, बारीक लक्ष ठेवायला आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कोणालाही न विचारता सतरंजी गुंडाळली, खेळण्यांचे खोके उचलले, मुलांचे हात एकमेकांच्या हातात दिले आणि अख्खा वर्ग मैदानाच्या कडेला, सायकली ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन बसवला. सायकली उन्हात लावल्या. मुलांनी कित्येक महिन्यांनी मोठ्याने गाणं म्हटलं.

मुख्याध्यापक धापा टाकत आले. "बाई, हे काय केलंत तुम्ही?"

"वर्ग हलवला, सर."

"अहो, पण भिंत निरीक्षणाखाली आहे. निरीक्षणाच्या काळात असं काहीतरी करतं का कोणी? साहेबांना मी काय सांगू?"

"सांगा, मुलं वॉच करायला लांब बसलीत."

मुख्याध्यापकांनी त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली. तिचं उत्तर बाई लिहीत होत्या तेवढ्यात, भर दुपारी, मागची भिंत पडली. वरची तुळई आणि निम्मं छप्पर घेऊन पडली. शेवटच्या रांगेच्या जागी कमरेएवढा ढिगारा झाला आणि त्यात इकडेतिकडे निळे खडू चमकत होते. शिपाई दोऱ्या ठेवून नुकताच पाणी प्यायला गेला होता. कोणाला खरचटलंही नाही. बाई शेडमध्ये खाली बसल्या आणि मुलांसमोरच रडल्या. गोबऱ्या मुलाने त्यांना आपला रुमाल दिला.

आता कोणालाही वाटेल की प्रकरण इथे संपलं. उलट इथे त्याने वेग घेतला. इतके दिवस जागचं न हललेलं कार्यालय तासाभरात जागेवर हजर झालं. साहेबांनी स्वतः ढिगाऱ्यात उतरून प्लास्टिकची पट्टी शोधून काढली. पट्टी अखंड होती. ती पिशवीत घालून सीलबंद केली गेली, कारण भिंत शेवटपर्यंत हलली नव्हती याचा तो एकमेव भक्कम पुरावा होता.

मग भिंत पडली कशी? साहेबांनी टिपणी लिहिली. वर्ग आत बसत होता तोपर्यंत भिंत उभी होती. वर्ग बाहेर गेला आणि आठवडा उलटायच्या आत ती पडली. दोन्ही गोष्टी नोंदीवर आहेत. मधल्या काळात कार्यालयाने कोणतीही कृती केलेली नाही, याची खात्री कोणतीही फाईल उघडून करता येईल. संपूर्ण प्रकरणात कृती एकाच व्यक्तीने केली आहे.

बाईंना निलंबित करण्यात आलं.

"अगं, तुझं खरं आहे हे जगाला माहीत आहे," यजमान म्हणाले. नळाखाली एव्हाना बादली आली होती. "पण आत्ता उगाच कोर्टकचेरी नको. चौकशी होऊ दे, कळेलच."

"भांड जाऊन," सासूबाई म्हणाल्या. "मी येते सोबत." पण त्यांना कार्यालयाचा जिना चढवत नव्हता, आणि त्या वर्गात कधी गेल्याही नव्हत्या.

बाई एकेका पालकाच्या दारात गेल्या. सगळ्यांनी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं, "तुमच्यामुळे आमचं लेकरू वाचलं" म्हणत डोळे पुसले. साक्षीचं नाव काढल्यावर मात्र कोणालाच आठवेना, की तडा नेमका कधी पाहिला आणि पाहिला तेव्हा केवढा होता. फोटो होते, पण फोन बदलला होता. मुख्याध्यापकांना तर आपल्या शाळेत बालवाडी आहे हेही चटकन आठवलं नाही.

सोमवारी अकरा वाजता वरच्या कार्यालयात चौकशी आहे. चौकशी अधिकारी माणूस वाईट नाही. त्याने बाईंना सांगितलंय की पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं माहीत असलेला एक जरी साक्षीदार आणलात तर निलंबन रद्द करता येईल. तो शाळेतलाच हवा असं नाही. त्याने फक्त येऊन, जे घडलं ते सांगायचं. दहा मिनिटांचं काम आहे.

तडा खडू जाण्याइतकाही नव्हता तेव्हापासून ते पट्टी पिशवीत जाईपर्यंत सगळं ज्याने पाहिलंय असं आता एकच माणूस उरलंय, ही गोष्ट वाचणारं. साहेब खोटं बोलले ते तुमच्यासमोरच. पालकसभेत तर तुम्ही अगदी मागे बसून, लोक कसे असतात बघा, म्हणून हसत होतात. बाई जिन्याच्या तोंडाशी बाकावर बसलेल्या असतील, ओळखायला अवघड नाहीत.

काय म्हणालात, बघतो? हो. बाईंना वाटलंच होतं.