मांजराचे निव्वळ वजन

मुक्या प्राण्याला समजून घेणं हे सुसंस्कृत माणसाचं पहिलं कर्तव्य आहे, आणि समजून घेणं म्हणजे नोंद ठेवणं, याबद्दल निदान आमच्या घरात तरी दुमत नाही. "आम्ही बाई जीव लावतो हो मांजराला" असं म्हणणारे पैशाला पासरी मिळतात. विचारा त्यांना, मंगळवारी संध्याकाळी तुमच्या मांजराने किती जांभया दिल्या? ततपप करतील. आमच्याकडे आकडा तयार आहे. अकरा. (पैकी दोन अर्धवट.)

मी वजनमापे कार्यालयात एकोणतीस वर्षं आहे. दुकानदारांचे काटे तपासणं, बरोबर असेल त्यावर शिक्का मारणं आणि चूक असेल त्याला सील ठोकणं, हे माझं काम. माझ्या हाताखालून गेलेला काटा पुढे चुकला, अशी एकही तक्रार माझ्यापर्यंत आलेली नाही. (तक्रारी दुसऱ्या खिडकीवर घेतात.) त्यामुळे मुलीने मांजर घरात आणलं तेव्हा बाकीचे लोक "अय्या, किती गोड!" करत बसले आणि मी बाजारात जाऊन दोनशे पानांची, जाड पुठ्ठ्याची वही घेऊन आलो.

वहीत सहा रकाने आखले. वेळ, कृती, शेपटीची स्थिती, कानांची दिशा, संभाव्य कारण आणि नोंद करणाऱ्याची सही. मांजराच्या नावासाठी पुठ्ठ्यावर जागाही सोडली होती, पण नाव ठरवण्यासाठी झालेल्या तिन्ही बैठका बायको आणि मुलगी यांच्यातल्या मतभेदामुळे तहकूब झाल्या, म्हणून त्याचा उल्लेख "मांजर" असाच होत आला आहे. त्याची काही हरकत दिसली नाही.

कामाची वाटणी अशी झाली. सकाळची पाळी बायकोकडे, ती शाळेत शिकवते, अकराला निघते. संध्याकाळची मुलीकडे, ती प्राणिशास्त्र शिकते, म्हणून "संभाव्य कारण" हा रकानाही तिच्याकडे. अकरा ते चार घरात आई आणि बाबा दोघंच असतात, म्हणून ती पाळी आईकडे. आईने आधी साफ नकार दिला. "मला काय त्या बोक्याची उठाठेव? उभ्या जन्मात कोणाची जांभई मोजली नाही मी," असं ती म्हणाली. पण कर्तव्य कोणाला चुकलंय? सर्वसाधारण देखरेख माझ्याकडे. रोज संध्याकाळी मी प्रत्येक नोंदीपुढे "पाहिले" असं लिहून सही करत असे.

बाबांना पाळी दिली नाही. वय वर्षं चौऱ्याहत्तर, दुपारभर डुलक्या. पण घरातल्या माणसाला आपण निरुपयोगी आहोत असं वाटू नये, म्हणून त्यांना वजनाचं काम दिलं. मांजर काट्यावर एकटं उभं राहत नाही, हे सर्व तज्ज्ञांना मान्य आहे. म्हणून दर रविवारी सकाळी बाबांनी मांजर कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग मांजर खाली ठेवून एकट्याने उभं राहायचं. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की मांजराचं निव्वळ वजन. आमच्या खात्यात भरलेल्या पोत्यातून रिकामं पोतं वजा करतात, तीच शास्त्रशुद्ध पद्धत. नऊ रविवार मांजर चार किलो दोनशेच्या आसपास राहिलं. वजाबाकीत एकदाही चूक नाही.

या अभ्यासातून काय काय हाती आलं, ते सांगायला एक दिवस पुरायचा नाही. मांजराला गोड चव कळत नाही. (त्यामुळे आम्ही त्याच्यासमोर गोड खाणं बंद केलं, उगाच त्याच्या मनाला लागायला नको.) शेपटी ताठ वर असेल तर ते नमस्कार म्हणून स्वीकारावं. डोळे सावकाश मिटून उघडले तर तो विश्वास. हा विश्वास परत करायचा म्हणून बायको आणि मी रोज रात्री जेवताना मांजराकडे बघून सावकाश डोळे मिटत असू. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, एकमेकांकडे बघून आम्ही असं कधी केल्याची नोंद नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मांजर आपलं दुखणं लपवतं. मुलीने हे सांगितलं तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तक्रार करत नाही, कण्हत नाही, कोपरा धरून गप्प बसतं. म्हणून त्याच्या पाण्यावर, खाण्यावर आणि शू-शीवर आपणच डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं असतं. "किती सोसतं गं बिचारं," असं बायको म्हणाली. शेजारी बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, त्यांनीही मान हलवली.

वहीत काहीही वावगं दिसलं की तासाभरात कारवाई, हा नियम. एका सोमवारी मांजर तीनदा शिंकलं. आईची नोंद बायकोने फोनवर ऐकली, बायको वर्ग सोडून आली, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलो, मुलगी परीक्षेतून उठून आली. तिघंही धापा टाकत दारात एकाच वेळी पोचलो. मांजर झोपलं होतं. आई मात्र दाराला टेकून आमच्याकडे बराच वेळ बघत राहिली. ती तेव्हा कसला विचार करत होती, हे आम्हाला पुढे कळलं.

झालं होतं असं, की त्याच सुमारास आई माझ्या मागे लागली होती. "अरे, ह्यांचं काहीतरी बिघडलंय. सारखं पाणी पितात." मी म्हणालो, आई, उन्हाळा आहे. आठवड्याने म्हणाली, "पायाच्या बोटाला जखम झालीय, तीन आठवडे झाले, भरत नाही." मी म्हणालो, बाबांना विचारलं, ते म्हणाले काही नाही. (विचारलं होतं. दारातून, चपला घालताना.) तिसऱ्यांदा आली तेव्हा आमची शेपटीच्या टोकाच्या थरथरीवर चर्चा चालू होती. मी म्हणालो, आई, एका वेळी एक विषय. ती स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवसापासून आईच्या नोंदींमध्ये कमालीची सुधारणा झाली. आधी ती पाच तासांच्या पाळीत "झोपलंय" एवढंच लिहायची. आता पान पान भरू लागलं. "११:२० तांब्याभर पाणी प्यायले. ११:५० पुन्हा तांब्याभर. १२ ते ३ सहा वेळा लघवीला गेले. जेवण अर्धं टाकलं. जिना चढताना दोनदा थांबले. पाऊल टेकवत नाहीत. विचारलं तर अंगावर येतात." अक्षर सुवाच्य, रकाने भरलेले, सही जागच्या जागी. आई मांजराला "प्यायले, गेले" असं मानाने लिहू लागली, हे पाहून बायकोला भरून आलं. "सासूबाईंनी शेवटी त्याला आपलं मानलं हो," असं ती म्हणाली.

मुलीने प्रत्येक नोंदीला शास्त्रीय कारण दिलं. जिन्यात दोनदा थांबणं म्हणजे हद्दीची पाहणी. अंगावर येणं म्हणजे एकांताची गरज. तांब्याभर पाण्यावर ती जराशी अडखळली, कारण मांजराची वाटी चहाच्या बशीएवढी आहे. पण आजीच्या अनुभवाला आव्हान कसं द्यायचं, म्हणून तिने "तांब्या (लहान)" अशी दुरुस्ती केली. मी "पाहिले" लिहिलं आणि सही केली.

अकरा दिवसांनी मात्र सगळ्यांचं धाबं दणाणलं. एवढं पाणी, एवढी लघवी, अन्नावरची वासना गेलेली. मुलीने पुस्तकं चाळली आणि रडायलाच लागली. प्राण्यांच्या दवाखान्यात तातडीने वेळ घेतली. निघताना पाहतो तर आई साडी बदलून तयार, आणि बाबांचा हात धरून त्यांना गाडीत बसवतेय. मी म्हणालो, आई, बाबा कशाला? त्यांना त्रास होईल. ती म्हणाली, "वजन करायला लागेल ना कोणी?" तर्क बिनतोड होता. मांजराला मागच्या सीटवर ऐसपैस जागा मिळावी म्हणून बाबा जरा आखडून बसले.

डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी वही आधी उलटीपालटी करून पाहिली, मग आईच्या नोंदी वाचल्या आणि गंभीर झाल्या. "ही सगळी लक्षणं साखरेची आहेत. मांजरांनाही होतो मधुमेह." मुलीने हुंदका दिला. रक्त घेतलं. सुई टोचली तेव्हा बायकोने तोंड फिरवलं, मी मांजराकडे बघून तीनदा सावकाश डोळे मिटले. पाव तासाने बाई रिपोर्ट घेऊन आल्या.

"मांजर ठणठणीत आहे. मग हे सहा-सहा वेळा जातंय कोण?"

त्यांनी पुन्हा वही उघडली आणि वजनाचं पान काढलं. बोट पहिल्या रकान्यावरून खाली आलं, मग दुसऱ्या रकान्यावर थांबलं.

"हा दुसरा आकडा कसला?"

"ती वजावट आहे," मी म्हणालो. "मांजर धरणाऱ्याचं वजन. त्याचा निकालाशी संबंध नाही."

"अहो, नऊ आठवड्यांत तुमची वजावट सात किलोने उतरलीय."

मी आकडे पाहिले. अडुसष्ट चारशे. सदुसष्ट सहाशे. सहासष्ट आठशे. खाली उतरत उतरत शेवटच्या रविवारी एकसष्ट चारशे. प्रत्येक आकड्यापुढे माझी सही. एकोणतीस वर्षं मी ग्रॅमच्या फरकासाठी लोकांच्या काट्यांना सील ठोकलंय. त्या क्षणी मला लाज वाटली. ती कुठल्याही रकान्यात बसत नसल्याने इथे लिहितो.

"हे धरणारे गृहस्थ कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

बाबा बाहेर बाकावर बसले होते, एका चिडक्या कुत्र्याच्या आणि पोपटाच्या पिंजऱ्याच्या मध्ये. शेजारी आई. बाईंनी त्यांच्यापुढे गुडघे टेकून चप्पल काढली, पायमोजा खाली केला, आणि पायमोजा खाली झाल्याबरोबर कुत्रं मागे सरकलं. मी वाकून पाहिलं आणि मलाही मागे सरकावंसं वाटलं. हेच पाऊल "टेकवत नाहीत" असं मी वहीत रोज वाचत होतो.

"मी जनावरांची डॉक्टर आहे," बाई उठत म्हणाल्या, "पण एवढं मलाही कळतं. आत्ताच्या आत्ता माणसांच्या दवाखान्यात न्या. उद्या नाही, आत्ता."

मी आईकडे वळलो आणि नियमावर बोट ठेवलं. "आई, मांजराच्या वहीत बाबांच्या नोंदी कशा केल्यास तू?"

"मग कुठे करायच्या होत्या?" आई कडाडली. सगळा दवाखाना बघायला लागला. "दोन महिने कानीकपाळी ओरडतेय, ऐकतंय कोण? ते बोकं तीनदा शिंकलं तर तिघं ऊर फुटेस्तोवर धावत आलात. म्हटलं, या घरात कोणी वाचतं ते एवढंच. एका डॉक्टरपुढे तरी जाईल ही वही. जनावरांचा तर जनावरांचा!"

बाबा हळूच म्हणाले, "जाऊ दे गं. त्यांना कामं असतात."

माणसांच्या डॉक्टरांनी साखर मोजली, ती चारशे ऐंशी निघाली. दोन बोटं जाणार, पाऊल राहील की नाही ते गुरुवारपर्यंत सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. मुलीने आजोबांचे पाय धरून माफी मागितली. आजोबा "मांजराला काही झालं नाही ना?" एवढंच म्हणाले. आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि त्यात तिचं काहीच चुकलं नाही.

प्रशासकीय पातळीवर योग्य ती सुधारणा करण्यात आली आहे. बाबांसाठी वेगळी वही घातली असून तिला पाचच रकाने आहेत. (शेपटीचा वगळला.) शिवाय इतर पालकांना या अनुभवाचा लाभ व्हावा म्हणून हा सगळा वृत्तान्त मी जसाच्या तसा, काहीही न लपवता, आमच्या भागातल्या मार्जारमित्र मंडळाच्या पत्रिकेत छापला. प्रतिसाद अभूतपूर्व आहे. पंधरा दिवसांत एक्केचाळीस पत्रं आली. तेहतीस वाचकांनी आजारी नसलेल्या मांजराचं रक्त काढल्याबद्दल तीव्र निषेध नोंदवला आहे. सात जणांनी मांजराचा फोटो मागवला आहे. एका वाचकाने मात्र बाबांचा आवर्जून उल्लेख केला आहे. घरात आजारी माणूस असल्याचा मांजराच्या मनावर परिणाम तर होत नाही ना, अशी काळजी त्यांना वाटते.

आता हे इथे वाचून तुमचंही पत्र येईल. टपालाचा त्रास वाचावा म्हणून आधीच कळवतो. मांजर बरं आहे, दोन्ही वेळा जेवतं, सुई टोचली होती तिथले केसही पुन्हा आले आहेत. फोटो सोबत जोडला आहे.