हद्दीची खुंटी

खुंटी वीतभर उंच, पॉपलरच्या लाकडाची, टोकाला लाल रंग. वरच्या देशातून येणारी मुंग्यांची रांग तिच्यापाशी जराशी वळायची आणि खालच्या देशात शिरायची.

"मुंगी लाकडाला वळसा घालते, सरकारला नाही," असं मामासोली उस्ताद म्हणायचे. मध्य आशियातल्या फरगाणाच्या खोऱ्यातल्या त्या गावात त्यांनी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं होतं. ज्याला वजन नाही, तापमान नाही, ते त्यांच्या लेखी नव्हतंच. सरकार आणि हक्क या माणसांनी मिळून मनात धरलेल्या गोष्टी. म्हणून सोव्हिएत देश मोडल्यावर त्यांनी कुठल्याच नव्या देशाचं नागरिकत्व घेतलं नाही.

खरं कारण त्यांच्या बायकोला, इनोयतला, ठाऊक होतं. घर वरच्या देशात, आणि हिलोला नावाची एकुलती एक लेक ओढ्यापलीकडे, खालच्या देशात दिलेली. एक देश घेतला की दुसऱ्यात परवानगी काढून पाहुण्यासारखं जायचं. आता ते कुणाचेच नव्हते, त्यामुळे दोन्हीकडचे शिपाई त्यांना सलाम करून सोडत. नागरिकत्वाचा विषय निघाला की उस्ताद "बघू" म्हणत आणि चहा मागत.

त्या सकाळी दोन्ही देशांचे मोजणीदार उस्तादांचं घर आणि ओढा यांच्यामधली, जर्दाळूच्या झाडाजवळची ती खुंटी तपासायला आले. वरचा तालाय, खालचा झोकिर. दोघेही उस्तादांचेच विद्यार्थी.

"उस्ताद, जरा हद्दीवरून बाजूला व्हा," तालाय म्हणाला.

"कशावरून? दाखव."

"ही काय."

"ही खुंटी आहे. हद्द दाखव."

असं म्हणून त्यांनी नसलेली हद्द ओलांडायला पाय उचलला. तो खुंटीत अडकला, खुंटी उपटली आणि उस्ताद आडवे झाले. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"सरकार नसतं म्हणता," झोकिर घाबरून काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, "मग पाय कशानं मोडला?"

"लाकडानं," उस्ताद दात आवळून म्हणाले.

त्यांना जर्दाळूखालच्या, बसाउठायच्या लाकडी तख्तावर उचलून ठेवलं. वरच्या देशाची गाडी घेऊन डॉक्टर जुमागुल आली. तिने पाय पाहिला, इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "पडले कुठं? आमच्यात की त्यांच्यात? आमच्यात पडले असतील तर अपघात म्हणून नेता येतं. नाहीतर माणूस आमचा नागरिक लागतो."

इथे गाडं अडलं. खुंटीचा खड्डा उचलणाऱ्यांच्या पायांखाली बुजला होता. आणि हद्दीवर बिनदेशाचा माणूस जखमी झाला, तर ज्याच्या जमिनीवर झाला त्या मोजणीदाराला वर्षभर जबाब देत फिरावं लागणार होतं.

"हद्द इथं होती," तालाय घराकडे सरकून म्हणाला. "उस्ताद तुमच्यात पडले."

"छे, एवढी जमीन आमची कधी होती?" झोकिर ओढ्याकडे सरकला. "तुमचीच. झाडासकट घ्या."

"झाड तुमचं. गेल्या साली त्यावरून मला नोटीस धाडलीस."

"चूक झाली."

"आधी माणूस उचला रे," इनोयत म्हणाली. "जमीन मागून वाटा."

"इनोयतखाला, दोन्हीकडचे साहेब येईपर्यंत काही हलवता येत नाही," तालाय म्हणाला.

एवढ्यात ओढ्यापलीकडे हिलोला धावत आली. हातात रजई होती. झोकिरने हात वर केला. "तिथंच थांब. हद्द सापडेपर्यंत बंद आहे."

"हद्द हरवलीय, तर बंद काय आहे?" तिने विचारलं.

झोकिरने हात तसाच वर ठेवला. ती थांबली.

जुमागुलने उस्तादांची बोटं दाबून पाहिली. "पाऊल गार पडतंय. असंच राहिलं तर पाय जाईल."

"मोजलंस?" उस्तादांनी विचारलं.

इनोयतने दोन्ही पावलांवर एकेक तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. "फरक आहे," ती म्हणाली.

"उस्ताद, या दोघांसमोर तोंडानं सांगा, कुठले ते," जुमागुल म्हणाली. "इथले म्हणालात तर मी नेते, नागरिकत्वाचे कागद वाटेत करते. तिथले म्हणालात तर झोकिर नेईल. पण एकदा बोललात की बोललात."

"कुणाचाच नाही म्हटलं तर?"

"तर मी गाडीत कुणाला घातलंय, ते मला सांगता यायचं नाही."

"माझं वजन बहात्तर किलो आहे."

"असेल. तेवढ्यानं भागत नाही."

तालाय आणि झोकिर आपापल्या बुटांकडे पाहत उभे होते. हिलोला रजई छातीशी धरून ओढ्याच्या अगदी काठाशी आली होती. इनोयतचे हात अजून पावलांवरच होते.

उस्तादांनी डोळे मिटले. मग शेवटच्या बाकापर्यंत पोचावं अशा वर्गातल्या आवाजात ते म्हणाले, "लिही, जुमागुल. इथला."