पिकअपच्या पोटात पाय

"वीणा, ये लवकर! शोरूममधून काढल्यासारखी झालीय की नाही?"

मुरलीधर दात्यांनी पिकअपच्या दारावर ब्रशचा शेवटचा हात मारला. फरीदाबादच्या कारखान्यात जन्म घालवलेल्या माणसाला चार गंजके पत्रे म्हणजे काय! शाळेतून निवृत्त झाल्यावर वीणाने रोपांचा व्यवसाय काढला, त्यासाठी ही जुनी गाडी घेतली. पार मयूर विहारपर्यंत कुंड्या पोचवायची तीच, गाडी चालवायचीही तीच. मुरलीधरांच्या वाट्याला दुरुस्ती उरली होती, आणि त्यात ते दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत.

वीणाने आत डोकावलं. "आणि पायाखालचा पत्रा? काचेच्या रबरातून पाणी झिरपतं, मॅट कायम ओली. वेल्डरला दाखवू या ना."

"बिल्कुल गरज नाही! भोकांत लांबीची पुट्टी भरलीय, वर रंग दिलाय. हत्ती नाचव!"

हत्ती हाताशी नव्हता, म्हणून ते स्वतःच चढले आणि दणकन पाय आपटला.

पापड मोडावा तसा आवाज झाला. उजवा पाय मांडीपर्यंत गाडीच्या पोटात!

"अहो!"

"काही नाही, काही नाही. जरा लूज आहे."

गाडीच्या पलीकडून शेजारची शिवांगी भाजी घेऊन येत होती. तिला दिसला फक्त गाडीखाली लोंबणारा पाय. "हाय राम! गाडी के नीचे कोई आ गया!"

सोसायटीचे गार्ड धावले, इस्त्रीवाला धावला. एकाने पाय घट्ट धरला. "घबराओ मत भैया, निकालते हैं!"

"खींचो मत!" मुरलीधर वरून किंचाळले.

"ज़िंदा है!" खालून आनंदाने आवाज आला आणि जोर दुप्पट झाला.

वीणा धावत जाऊन खाली वाकली. "अरे छोड़ो! बाकी आदमी ऊपर है!"

पाय सुटला. नडगी सोलली होती, धनुर्वाताचं इंजेक्शनही झालं. संध्याकाळी मुरलीधर त्या भोकातून दिसणाऱ्या रस्त्याकडे बघत बसले. शेजारीच क्लच. वीणाचा पाय रोज इथेच असायचा, आणि गाडी हायवेवर.

"लांबी भरताना स्क्रूड्रायव्हर आरपार गेला होता," ते हळूच म्हणाले. "वेल्डरकडे नेली असती, तर मला काय काम उरलं असतं गं?"

वीणाने ओली मॅट बाहेर काढली. मग म्हणाली, "काम मी दुसरं देईन हो. पाय कुठून आणू?"

दुसऱ्या दिवशी गाडी वेल्डरकडे गेली. चांगलं लोखंड लागेपर्यंत त्याने कुजका पत्रा कापला, दोन्ही सीटच्या पायाखाली नवा जोडला, काचेचं रबरही बदललं. मुरलीधर स्टुलावर बसून होते. सल्ला एकही दिला नाही. म्हणजे, फारसा नाही.

पहिल्या फेरीला मागे मोगऱ्याच्या कुंड्या, पुढे दोघं. फ्लायओव्हर चढताना वीणाची नजर शेजारी गेली.

"अहो, पाय खाली टेका ना आता."

"टेकलेत की," मुरलीधर म्हणाले, आणि त्यांनी गुडघे आणखी जरा छातीशी घेतले.