मानाच्या मात्रेची हकिकत

जो राव-रंक न पाहता सर्वांचे उदरी वसतो, त्या जंतास प्रथम नमन करोन वर्तमान लिहितो ऐसे जे: शके सोळाशे सहासष्ट, रक्ताक्षीनाम संवत्सरी, भाद्रपदमासी एका राज्यात जंतांची स्वारी आली. पागेचा निचरा ज्या तळ्यात, त्याच तळ्याचे पाणी वाड्यात आणि शहरात. हे सर्वांस ठाऊक असोन कोणी बोलत नसे. आधी घोड्यांच्या बरगड्या दिसो लागल्या, मग घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार पिवळे पडले, आणि मग महाराजांची थोरली कन्या सगुणाबाईसाहेब, वय वर्षे पाच, यांचे पोट नगाऱ्यासारखे फुगले आणि मुखावाटे वीतभर जंत पडला, तेव्हा दरबारास भय उपजले.

मग घोड्यांचा वैद्य खेमाजी सालोत्री यास पाचारण जाहले. त्याने पळसपापडी आणि कपिला यांचे चूर्ण सिद्ध करोन अर्ज केला, "महाराज, जंतास मान कळत नाही, पोट कळते. घोड्यास नऊ तोळे, थोर माणसास एक, लेकरास दोन मासे, म्हणजे तोळ्याचा सहावा हिस्सा. अधिक गेले तर हेच विष."

त्या राज्याची रीत ऐसी जे विडा, अत्तर, पंक्तीचे तूप, सर्व मानाप्रमाणे वाटावे. कारभारी चिंतोपंत हासोन बोलिले, "खेमाजी, तुझा जन्म लिदीत गेला. महाराजांहून घोड्यास नऊपट? उद्या त्यास मुजराही करवशील!" दरबार हासला आणि ठराव जाहला: महाराजांस नऊ तोळे, बाईसाहेबांस आठ, आणि उतरत उतरत घोडी व रयत यांस चिमूटभर.

तुळजा दाई पडद्याआडोन ओरडली, "पंत, पोर माझ्या कडेवर बसते हो! तिचे वजन मला ठाऊक!"

"दाई, तुझ्या कडेवर राज्याचा मान बसतो."

खेमाजी पायी पडला, "मला हत्तीचे पायी द्या, परी लेकरास देऊ नका." महाराजांचे नेत्र भरोन आले, आणि आज्ञा जाहली, "मान मोडला तर आम्ही कोण?"

मग भर दरबारी चौघडा वाजला. बाईसाहेबांनी वाटी पाहोन पुसिले, "तुळजे, पोटातले वळवळणे थांबेल?" "थांबेल, माझे बाई," ऐसे म्हणोन दाईने तोंड फिरविले. चिंतोपंतांनी विनयपूर्वक आपला मान सोडोन चिमूटभरच घेतले. महाराज दांडग्या देहाचे, तीन दिवस लोळोन उठले. बाईसाहेब अस्तमानापावेतो "तुळजे, तुळजे" म्हणत होत्या. मग वळवळणे थांबले. पंतांनी जाहीर केले जे बाईसाहेबांचे उदरी जंत उरला नाही. खेमाजीची दृष्ट लागली ऐसा निवाडा होऊन त्यास हत्तीचे पायी दिले. त्याच्या अर्जातील तेवढे कलम मान्य जाहले.

चिमटीने घोड्यांतले जंत मेले नाहीत, औषधास सरावले मात्र. आणि तळे तेच. सांप्रत धाकट्या बाईसाहेबांचे पोट फुगले आहे. थोरल्या बहिणीचा मान रीतीने त्यांजकडे आला, म्हणोन आठ तोळे. वय वर्षे तीन.

सारांश, मान राहिला आणि जंत राहिले. तुळजा दाई दार लावोन पोरीस पोटाशी धरोन बसली आहे. बाहेरोन चूर्ण कुटणाऱ्या उखळाचा आवाज येत आहे.