टिटवीला मिळालेले गोड शब्द

एका जंगलात, बालमित्रांनो, एक पाणवठा होता आणि त्याच्या काठच्या वाळूत एक टिटवी राहत होती. उन्हं कलली की सगळी जनावरं पाण्यावर यायची. त्यांच्या मागोमाग गवतातून बिबट्याही यायचा. तो दिसला की टिटवी जिवाच्या आकांतानं ओरडायची. जनावरं पळायची. वाचायची.

आणि लांब जाऊन थांबली की टिटवीला शिव्या घालायची.

"अवलक्षणी मेली! ही ओरडली की बिबट्या आलाच म्हणून समजा."

"हिनं तोंड बंद ठेवलं, तर तो येईल कशाला?" रानडुकरीण म्हणायची.

हे सगळ्यांना पटायचं, कारण अनुभव रोज तसाच येत होता. टिटवीला मात्र वाटायचं, कधीतरी कुणीतरी म्हणावं, 'बाई, बरं झालं ओरडलीस.' बास. याहून जास्त काही नको होतं तिला.

एकदा दूरदेशीचा एक करकोचा तिथं उतरला आणि एका पायावर उभा राहिला. एका पायावर उभ्या राहणाऱ्याचं जंगलात सगळे ऐकतात.

"अनोळख्याशी दोन गोड शब्द बोला," तो म्हणाला. "त्याचं आयुष्य बदलून जाईल."

एवढं बोलून, कुणाशी ओळख व्हायच्या आत, तो उडून गेला.

जंगल भारावलं. सांबरराव नावाच्या वयोवृद्ध सांबराच्या अध्यक्षतेखाली कौतुक मंडळ स्थापन झालं. येणाऱ्याजाणाऱ्याच्या शेपटीची, शिंगांची, चालीची वाखाणणी सुरू झाली. सख्खे भाऊ एकमेकांना ओळख देईनासे झाले, कारण ओळख निघाली की कौतुक बंद.

टिटवी मोठ्या आशेनं सांबररावांकडे गेली. "दादा, माझ्याबद्दलही दोन शब्द..."

"तुझ्याबद्दल?" सांबरराव कळवळून म्हणाले. "अगं, तुला आम्ही अंड्यात असल्यापासून ओळखतो. नियमात बसत नाही, बाळ."

टिटवी घरी आली. नवरा अंड्यांवर बसला होता. "अहो, तुम्ही तरी काही बोला ना माझ्याबद्दल."

"तुझ्याबद्दल काय बोलायचं? तू काय परकी आहेस?" तो प्रेमानं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी टिटवी तांबड्या चिखलात मनसोक्त लोळली. मग पलीकडच्या काठानं, मान ताठ ठेवून, डौलात पाणवठ्यावर आली. तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

"पाहुण्या दिसताय!" सांबरराव पुढे धावले. मंडळ गोळा झालं. "वा! काय रंग! काय ती चाल!"

"आणि किती शांत हो!" रानडुकरीण म्हणाली. "आमच्याकडे एक आहे, नुसती कोकलत असते. तिनं तुमच्या पायाचं तीर्थ घ्यावं."

टिटवीच्या डोळ्यांत पाणी आलं. चिखल ओघळू नये म्हणून तिनं ते तसंच परतवलं.

तेवढ्यात सांबररावांच्या मागचं गवत हललं. आधी एक कान दिसला. मग दुसरा.

टिटवीची चोच उघडली. पण ओरडावं, तर ओळख पटणार. पुन्हा मेली, पुन्हा अवलक्षणी. आणि सांबरराव तर आत्ता कुठे रंगात आले होते.

"बाई," ते म्हणत होते, "मी आयुष्यात पुष्कळ पक्षी पाहिले. पण आपल्यासारखा..."

निदान एवढं वाक्य पुरं होऊ द्यावं, असं टिटवीला वाटलं.

वाक्य पुरं झालं नाही.

उरलेली जनावरं लांब जाऊन धापा टाकत थांबली.

"बघा," रानडुकरीण म्हणाली, "पाहुणी बिचारी इतकी शांत, तरी बिबट्या आला. आपली टिटवी कुठेतरी लांब जाऊन ओरडली असणार!"

हेही सगळ्यांना पटलं.

तात्पर्य: कौतुक करायचं तर अनोळख्यांचंच करावं. ओळखीच्यांचं करू नये. केलं, तर ती ओरडत राहतात, आपण जगत राहतो आणि मंडळाचं अध्यक्षपद वर्षानुवर्षं रिकामं होत नाही.